माध्यमिक शाळेतलं पहिलं सत्र : अभ्यास, उपक्रम आणि माणसं

प्राथमिक शाळेत बहुतेक विषय एकच शिक्षक शिकवतात. वह्या तेच तपासतात आणि आज कोण गप्प गप्प आहे हेही त्यांच्याच लक्षात येतं. माध्यमिक शाळेत दर तासाला नवे शिक्षक येतात. प्रत्येकाची शिकवण्याची तऱ्हा निराळी, प्रत्येकाचा गृहपाठ निराळा, आणि तो सगळा मिळून किती होतो हे त्यांच्यापैकी कुणा एकाला दिसत नाही. दिवसाचं पूर्ण चित्र फक्त विद्यार्थ्यासमोर असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी ही जबाबदारी मोठी आहे आणि ती कशी पेलायची हे सहसा कुणी बसून सांगत नाही.

मी बरीच वर्षं माध्यमिक वर्गांना शिकवते आहे. अभ्यास, उपक्रम आणि मित्रमंडळी हे तीन वेगळे कप्पे आहेत आणि एकातला वेळ काढून दुसऱ्यात टाकायचा असतो, असं पालक आणि मुलं दोघंही धरून चालतात. मला दिसलेलं चित्र वेगळं आहे. ज्या मुलाला शाळेत आपलं असं एखादं काम मिळतं, जिथे तो आला नाही तर कुणीतरी त्याची वाट बघतं, त्याचा अभ्यासही मार्गी लागतो. खालच्या पायऱ्या त्याच अनुभवावर रचल्या आहेत.

पहिला आठवडा : माणसं आणि जागा

वेळापत्रक मिळालं की फोटो काढून थांबू नका, हाताने उतरवून घ्या. विषयापुढे शिक्षकांचं नाव आणि ते मोकळ्या तासाला कुठे भेटतात हे लिहा. कोणत्या दिवशी प्रयोगवही लागते, कोणत्या दिवशी खेळाचे बूट, हेही त्याच कागदावर येऊ द्या. पहिल्या पंधरवड्यातली निम्मी धांदल एवढ्याने कमी होते.

मग कोणत्या कामासाठी कुणाकडे जायचं ते समजून घ्या. गैरहजेरीची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे. दाखला, ओळखपत्र, अर्ज अशी कागदपत्रं कार्यालयात. प्रयोगाचं सामान फुटलं तर लगेच प्रयोगशाळा सहायकांना सांगायचं, काचा स्वतः उचलायच्या नाहीत. मन अस्वस्थ असेल तर समुपदेशकांकडे, आणि शाळेत ते नसतील तर ज्या शिक्षकांशी बोलताना दडपण येत नाही त्यांच्याकडे. ग्रंथपालांशी ओळख मात्र पहिल्याच आठवड्यात करून घ्या. मधल्या सुट्टीत कुठे बसावं हे न कळणाऱ्या मुलासाठी वाचनालय ही शाळेतली सगळ्यात निर्धोक जागा असते, आणि तिथे नियमित येणाऱ्या मुलांना ग्रंथपाल नावानिशी ओळखू लागतात.

या आठवड्यात एक काम जरूर करा : एका तरी शिक्षकांना तास संपल्यावर प्रश्न विचारा. ‘सर, मला काही समजलं नाही’ एवढंच म्हटलं तर त्यांनाही नेमकी सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. ‘मॅडम, दुसऱ्या पायरीपर्यंत कळलं, तिसऱ्या पायरीत चिन्ह का बदललं?’ असं विचारलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि हा मुलगा किंवा ही मुलगी लक्ष देऊन ऐकते हे त्यांच्या ध्यानात राहतं.

दुसरी पायरी : वही

माध्यमिक वर्गांत फळ्यावरचं सगळं उतरवून घेणं पुरत नाही, कारण बरंचसं शिक्षक बोलून सांगतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात टिपणं काढण्याची एक पद्धत मांडली. ती आजही शिकवली जाते आणि शाळकरी मुलांना सहज जमते.

पानाच्या डाव्या बाजूला साधारण एक तृतीयांश जागा सोडून उभी रेघ मारा. खाली चार-पाच ओळींची जागा आडव्या रेघेने वेगळी करा. तासाला फक्त उजव्या रुंद भागात लिहायचं, तेही पूर्ण वाक्यांत नाही. समजा प्रकाशाचं अपवर्तन चालू आहे. उजवीकडे येईल : ‘माध्यम बदललं की प्रकाशाचा वेग बदलतो, तिरपा पडलेला किरण वळतो’, शेजारी छोटी आकृती. घरी आल्यावर, त्याच दिवशी, डावीकडे या मजकुराचे प्रश्न तयार करायचे : ‘पाण्यात अर्धी बुडवलेली पेन्सिल मोडल्यासारखी का दिसते?’ ‘किरण सरळ, लंबरूप पडला तर काय होतं?’ आणि तळाच्या जागेत संपूर्ण तासाचं सार दोन ओळींत, आपल्या शब्दांत.

या पद्धतीचा खरा उपयोग परीक्षेच्या आधी कळतो. उजवा भाग कागदाने झाका, डावीकडचे प्रश्न वाचा आणि उत्तर तोंडी द्या. वहीच तुमची परीक्षा घेते. तळाच्या दोन ओळी लिहिताना अडलात, तर काय समजलं नाही ते त्याच संध्याकाळी कळतं आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न तयार असतो.

तिसरी पायरी : उजळणी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करून, किती काळाने किती विसरायला होतं याचं मोजमाप स्वतःवरच केलं आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे तो मंदावत जातो, हे त्यातून दिसलं. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांपेक्षा जास्त टिकतो हे खरं, तरी पहिली उजळणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवी, ती याचसाठी. त्यानंतरची आठवड्याने, मग महिन्याने.

पण उजळणी म्हणजे धडा पुन्हा वाचणं, या समजुतीने मुलांचे किती तास वाया जातात हे मी दरवर्षी बघते. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र उलटं झालं : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आदल्या रात्री धडा चार वेळा वाचून ‘सगळं येतंय’ असं वाटतं ते खोटं नसतं, फक्त ते येणं टिकत नाही.

म्हणून रोजच्या अभ्यासाची सुरुवात कोऱ्या कागदाने करा. काल काय शिकलो ते पाच मिनिटं न बघता लिहायचं, मग वही उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. त्या वेगळ्या शाईतलंच पुढच्या उजळणीला आधी बघायचं.

चौथी पायरी : गटाने अभ्यास

बहुतेक गट-अभ्यास दोन कारणांनी फसतात. एक तर गप्पा रंगतात, नाहीतर एकच हुशार मुलगी शिकवते आणि बाकीचे मान डोलावतात. यावरचा उत्तम तोडगा एका शाळेतल्या तणावातूनच निघाला. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक मुळाची) मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि भांडणं वाढली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातली चढाओढ बारकाईने पाहिली. शिक्षक प्रश्न विचारत, मोजके हात वर होत, एकाचं चुकलं की दुसऱ्याला संधी मिळे. त्यांनी रचनाच बदलली. पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, धड्याचे तेवढेच भाग पाडले आणि प्रत्येकाला एकच भाग दिला. आपला भाग इतरांना समजावल्याशिवाय कुणालाच पूर्ण धडा कळणार नव्हता. परिणाम असा झाला की अडखळत बोलणाऱ्या मुलाचं ऐकून घेणं, त्याला नीट प्रश्न विचारणं हे सगळ्यांच्याच हिताचं ठरलं. चित्रकोड्याच्या तुकड्यांवरून या पद्धतीला जिगसॉ म्हणतात.

तुम्ही चौघं-पाचजण हे सहज करू शकता. आदल्या दिवशी धड्याचे भाग वाटून घ्या. प्रत्येकाने आपला भाग वाचून तीन प्रश्न काढून आणायचे. भेटल्यावर प्रत्येकाला दहा मिनिटं, पुस्तक मिटून, समजावून सांगायला. ऐकणाऱ्यांनी मध्ये दुरुस्ती करायची नाही, शेवटी विचारायचं. सगळे बोलून झाले की एकमेकांचे प्रश्न एकट्याने, लेखी सोडवायचे. सगळ्यात कमकुवत विषय ज्याचा, त्याला सोपा भाग देण्याचा मोह होतो. तसं करू नका. त्याला मधला, महत्त्वाचा भाग द्या आणि एक दिवस जास्त द्या. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं अशा गटात बोलती होताना पाहिली, की मला त्या दिवशीचा तास सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

नव्या मुलासाठी यात आणखी एक फायदा आहे. ‘माझ्याशी मैत्री करशील का?’ असं विचारणं या वयात अवघड जातं. ‘उद्याचा दुसरा भाग तू घेतोस का?’ असं कुणालाही विचारता येतं.

पाचवी पायरी : एक उपक्रम निवडा, दोन नाही

सत्राच्या सुरुवातीला सूचनाफलक भरलेला असतो. नाटक, वक्तृत्व, विज्ञान मंडळ, हस्तलिखित, वाद्यवृंद, खो-खो, फुटबॉल, बुद्धिबळ. उत्साहात चार ठिकाणी नाव द्यायचं आणि महिनाभरात सगळीकडून अंग काढायचं, असं होऊ देऊ नका. पहिल्या दोन आठवड्यांत तीन ठिकाणी नुसतं बसून बघा, मग एक निवडा आणि पूर्ण सत्र टिकवा. निवडताना ‘मला यात बक्षीस मिळेल का’ यापेक्षा ‘सराव कंटाळवाणा असेल त्या दिवशीही मी जाईन का’ हे स्वतःला विचारा.

नव्यांना बहुधा लगेच महत्त्वाचं काम मिळत नाही. नाटकात भूमिका ठरलेल्या असतात, संघात खेळाडू. अशा वेळी मागच्या फळीतलं काम आनंदाने घ्या, कारण शिकायला तिथेच सगळ्यात जास्त मिळतं. प्रॉम्प्टरचं काम बघा. तो विंगेत संहिता घेऊन उभा असतो आणि बोट ओळीवरून हलवत राहतो. पहिल्या तालमीत नट थांबला की तो लगेच शब्द पुरवतो, आणि दिग्दर्शक ओरडतात, कारण तो विराम मुद्दाम घेतलेला असतो. मग तो संहितेत प्रत्येक विरामापाशी पेन्सिलीने खूण करायला लागतो. हळूहळू नटाच्या डोळ्यांवरून, हाताच्या चाळ्यावरून त्याला ओळखता येतं की हा विराम आहे की विसरणं. शब्द पुरवायचा तोही वाक्याचा पहिलाच, पुढच्या रांगेला ऐकू न जाईल इतका हळू. प्रयोग लागेपर्यंत संपूर्ण नाटक तोंडपाठ असलेला तो एकमेव मुलगा असतो, आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर सगळे त्याच्याकडेच बघतात.

विज्ञान प्रदर्शनात भाग घेत असाल तर प्रतिकृतीपेक्षा वहीकडे लक्ष द्या. तारीख, काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तार आणि बॅटरी दोन्ही बदलल्यावर दिवा लागला, तर बिघाड कशात होता हे कधीच कळणार नाही. परीक्षक जेव्हा ‘हे असंच का केलं?’ विचारतात, तेव्हा न चाललेल्या प्रयत्नांची नोंद हेच सगळ्यात भक्कम उत्तर असतं.

गणित मंडळात जाणाऱ्यांना वेगाची सवय मोडावी लागते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ साली रोमानियात सुरू झालं. आता तिथे दोन दिवसांत मिळून सहा प्रश्न असतात आणि रोज साडेचार तास दिले जातात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. एका गणितावर अख्खी दुपार अडून राहणं हे अपयश नाही, त्या विषयातलं रोजचं काम तेच आहे.

मैदानावरचा उपक्रम निवडला नाही तरी शरीराची हालचाल सोडू नका. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगल्यापैकी दमवणाऱ्या हालचालीची आहे. मधल्या सुट्टीतली धावपळ, सायकलने शाळेत येणं, सगळं त्यात धरता येतं.

उपक्रम सोडायची वेळ आली तर नीट सोडा. प्रमुखांना आधी सांगा, हातातलं काम कुणाला तरी समजावून द्या, किल्ली, वही, सामान परत करा. न सांगता येणं बंद करणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी बोलवत नाही.

झोप

किशोरवयात झोप येण्याची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, म्हणून रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. हा आळस नाही. गरज मात्र कमी होत नाही : अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली १३ ते १८ वयासाठी रोज ८ ते १० तास झोप सांगितली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका, आणि झोपण्याआधी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

सहावी पायरी : मैत्री, एकटेपणा, त्रास

पहिल्या महिन्यात जिवलग मित्र मिळाला नाही म्हणून हिरमुसू नका. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी गेलेल्या प्रौढांचा आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. साध्या ओळखीतून ओझरती मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक, असा त्यांचा अंदाज निघाला. शाळकरी मुलांचे आकडे वेगळे असतील, पण मैत्रीला सहवास लागतो आणि सहवास जमायला वेळ लागतो, हे सगळीकडे सारखंच. आठवड्याला दोन तालमी आणि एक गट-अभ्यास असेल तर ते तास आपोआप साठत जातात.

चिडवाचिडवी आणि छळ यांत फरक आहे. या विषयाच्या संशोधनाचा पाया घालणारे डॅन ओल्वेअस यांनी तीन खुणा सांगितल्या : त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि त्रास देणाऱ्याचं बळ जास्त असतं. ते बळ शरीराचं असेल, वयाचं असेल किंवा पाठीशी असलेल्या टोळक्याचं. गटातून मुद्दाम वगळणं आणि मोबाईलवर बदनामी करणं हाही छळच. असं होत असेल तर तारीख, जागा, कोण होतं, काय झालं हे लिहून ठेवा. मोबाईलवरचा मजकूर पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मग घरी आणि वर्गशिक्षकांना सांगा. एका मोठ्या माणसाने मनावर घेतलं नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. ही चहाडी नव्हे. स्वतःला वाचवणं आहे.

दुसऱ्या कुणाला त्रास होताना दिसला तर? कॅनडातल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला होता. मध्ये पडणं म्हणजे हाणामारी नव्हे. ‘चल, तुला बाईंनी बोलावलंय’ म्हणत त्या मुलाला तिथून बाजूला नेलं तरी पुरतं. मारामारी होण्याचा धोका दिसला तर मात्र स्वतः न जाता धावत जाऊन शिक्षकांना आणा.

सातवी पायरी : शाळेत आपलं म्हणणं मांडणं

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात, मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं मत ऐकून घेतलं जावं असं म्हटलं आहे. शाळेत याची नेहमीची वाट म्हणजे वर्गप्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषद. पण तक्रार आणि प्रस्ताव यांत फार अंतर असतं. ‘वाचनालय बंदच असतं’ ही तक्रार झाली. ‘मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवावं, नोंदवही सांभाळायला आम्ही सहाजण पाळीपाळीने बसू, एक महिना करून बघू’ हा प्रस्ताव. मुख्याध्यापकांसमोर दुसरा कागद आला तर नाही म्हणणं त्यांना जड जातं. कागद एका पानाचा ठेवा, आधी ग्रंथपालांशी बोलून घ्या, आणि महिना संपल्यावर कसं चाललं ते कुणी विचारायची वाट न बघता स्वतःहून कळवा.

पालकांसाठी

‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘आज कुणाशेजारी बसलास?’, ‘तालमीत कुठपर्यंत आलात?’ असं विचारून बघा. गुण कमी पडले की पहिला घाला उपक्रमावर घालू नका, कारण अनेकदा त्या मुलाचा शाळेशी जोडलेला तो एकच धागा असतो. आधी आठवड्याचे तास कागदावर मांडा, बहुधा वेळ तालमीत गेलेला नसतो. पालकसभेला मुलाला सोबत न्या आणि शिक्षकांशी बोलताना त्याला बोलायला जागा द्या. सभेला जाण्याआधी घरी तिघांनी मिळून दोन प्रश्न लिहून घ्या, एक अभ्यासाचा आणि एक माणसांचा : वर्गात तो कुणाशी बोलतो, मधल्या सुट्टीत कुठे असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्गशिक्षकांना लगेच देता आलं नाही, तर त्यांना आठवडाभर बघायला सांगा आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवून या.